डाव्या हाताची झीज

सगळे स्क्रू आडवे होते. प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरची खाच नळीला समांतर, पट्टी लावून आखल्यासारखी. रायफल नुकतीच माझ्या टेबलावरच्या बनातीवर आली होती, दंतवैद्य समोरच्या खुर्चीत बसून तिच्या कापडी आवरणाची घडी करत होते, आणि मी भिंग डोळ्याला लावून पहिल्याच नजरेत अडकले होते. "काही गडबड आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे, बघतेय." गडबड काहीच नव्हती. फक्त लिलावगृहात इतकी वर्षं जुन्या हत्यारांच्या किमती ठरवत बसल्यावर असं पहिल्याच नजरेत अडकायची सवय सुटलेली असते. लोक येतात ते आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतात, खरा माणूस कुठे बसतो म्हणून. मागे भिंत आहे. मग नाइलाजाने माझ्यासमोर बसतात. दंतवैद्य तसे नव्हते, सरळ येऊन बसले आणि म्हणाले, ही सासऱ्यांची, ते गेले, बायको म्हणते विकून टाका, घरात लोखंड नको. परवान्याचे कागद त्यांनी नीट टाचून आणले होते.

चापाभोवतीची कडी खाली ओढायची, परत वर मारायची, की रिकामं काडतूस टणकन बाहेर आणि भरलेलं आत. ही त्या जातीची रायफल, शंभराहून जास्त वर्षांची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आठ पैलूंची नळी. अशा वस्तूची किंमत कशावर ठरते ते मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाचा चेहरा पडतो. तिला दुरुस्तीचा हात किती कमी लागला, यावर ठरते. कारखान्यातून निघताना लोखंडावर जो काळा रंग चढवलेला होता तो कुठे राहिलाय, कुठे गेलाय, कडा अजून हाताला लागतात का, लाकूड आणि लोखंड एकमेकांच्या सोबतीने म्हातारं झालंय का. झीज हवी, पण जिथे हवी तिथेच हवी. कुणी कौतुकाने पॉलिश मारून चकचकीत करून आणलं की संपलं, किंमत चौथाईवर येते. असं सांगितल्यावर एक गृहस्थ माझ्यासमोर रडले होते. मी त्यांना पाणी दिलं आणि आकडा तोच ठेवला.

तर स्क्रू. कारखान्यात कामगार स्क्रू पिळतो, घट्ट बसला की पुढच्याला हात घालतो. खाच कुठे थांबली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सगळ्या खाचा एका दिशेला म्हणजे मागाहून कुणीतरी हात फिरवलाय, आणि तो हात सवड असलेला आणि जरा विक्षिप्त आहे. असा एक विक्षिप्त माणूस मी ओळखते. त्याच्या घरात मी वाढले. आमच्याकडे विजेच्या बटणांच्या पाटीवरचे स्क्रू, दाराच्या बिजागऱ्यांचे, शिवणयंत्राचे, आरशाच्या चौकटीचे, सगळे सरळ. बाबा म्हणायचे, वाकडा स्क्रू म्हणजे उघडं राहिलेलं बटण, दुसऱ्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही. लहानपणी मैत्रिणीकडे जेवायला बसले की समोरच्या कपाटाची बिजागरी मला घास गिळू द्यायची नाही. आई वैतागायची. म्हणायची, एक कमी होता म्हणून देवाने दुसरा दिला.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. बाबांचं काम! ते बंदुका दुरुस्त करायचे, आमच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत, आणि शहरातले मोठे व्यापारी त्यांच्याकडे यायचे. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातून गेलेली एखादी वस्तू अशी अचानक माझ्यासमोर येऊन पडावी, याचं मला कौतुक वाटलं. आज घरी गेल्यावर सांगायचं, असं मी ठरवूनही टाकलं. बाबा आता थकलेत, हात कापतात, दुधात पाव बुडवून खातात आणि निम्मा सदऱ्यावर सांडतात, पण कामाचं काही निघालं की ताठ होतात. मी मनात म्हटलं, आता त्यांनी केलेली दुरुस्ती शोधूया. ती सापडायला सोपी असणार होती, कारण बाबांचा एक नियम होता. नवं लाकूड जोडलं तर ते एक छटा फिकं ठेवायचं. नवं ते नवं दिसू दे, नाहीतर ती दुरुस्ती नव्हे, लबाडी. हे मी त्यांच्या मांडीवर बसल्यापासून ऐकलेलं. एकदा एक माणूस बंदूक जुनी दिसेल अशी करून द्या म्हणाला, तर बाबांनी त्याला बंदुकीसकट जिन्याखाली घालवला. मी जिन्याच्या कठड्यातून बघत होते. लिलावगृहातल्या नोकरीच्या मुलाखतीत मी हाच प्रसंग सांगितला होता, आणि आमचे साहेब म्हणाले होते, अशा घरातलं माणूस आम्हाला हवंय.

फिकं लाकूड काही सापडेना. मी दस्ता तिरप्या उजेडात धरला, उलटा केला, मनगटाच्या जागी, म्हणजे जिथे दस्ता बारीक होतो आणि हमखास तडकतो, तिथे भिंग अगदी टेकवून बघितलं. खूप बघितल्यावर एक रेघ दिसली. रेघ म्हणणंही जास्तच, लाकडाच्या नसा एका ठिकाणी किंचित कच खात होत्या. जोड होता. छटा तीच, चमक तीच, वर शंभर वर्षांचा मळसुद्धा तोच. मी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. दंतवैद्य सांगत होते की सासरे फार हौशी, सगळं पारखून घेणारे, जावई सोडून. मी हसले बहुतेक. मग मी रायफल उचलली, बरोबर मध्ये, जिथे तोल साधतो तिथे. शिकारी माणूस दिवसभर तिला तिथेच धरून चालतो, आणि म्हणून काळा रंग तिथेच उडतो आणि खालचं लोखंड राखाडी होतं. ती झीज होती. सुंदर होती, कडेला विरत गेलेली, घाईने घासलेल्या खोट्या झिजेसारखी एकदम तुटणारी नाही. पण माझा हात तिच्यावर बसेना. उजव्या हाताने धरलं तर तळव्याची झीज उजव्या अंगाला पडते, बोटांच्या टोकांची डाव्या. इथे उलटं होतं. मी रायफल डाव्या हातात घेतली आणि ती झीज माझ्या हाताखाली चपखल बसली. दस्त्यावर गालाची झीज मात्र उजव्या खांद्याला लावून मारणाऱ्याची होती. उजव्याने मारायचा आणि डाव्या हाताने वाहायचा, असेही काही लोक असतात, नाही असं नाही. मी तेवढ्यावर गप्प बसले असते.

पण डाव्या हातात रायफल घेऊन मी उभी होते ना, तर मला आमच्या घरातला बोळ आठवला. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत लांबलचक अंधारा बोळ होता आणि एके काळी बाबा त्यात रोज संध्याकाळी येरझारा घालायचे. हातात रायफल असायची. तळव्याला तेल आणि चाळलेली राख चोळलेली असायची, त्या वासासकट मला आठवलं. कितीतरी महिने ते चाललं होतं. मी त्यांच्या बाजूने चालायची, दोन पावलांना एक उडी मारत, आणि ते मला काहीबाही सांगायचे, नदीतल्या माशांना झोप कशी लागते, उंट पाणी कुठे साठवतो, सगळं मनचं. मला पाढे त्या बोळात पाठ झाले. लहानपणाचं चांगलं काही आठव म्हटलं तर मला अजूनही तेच आठवतं, तो बोळ, तो वास, बाबांचा हात. नवऱ्याशी पटेनासं झालं आणि मी परत माहेरी येऊन राहिले तेव्हा पहिल्या रात्री त्या बोळातून नुसती चालत गेले होते आणि बरं वाटलं होतं. तेव्हा ते का चालतात असं मी कधी विचारलं नाही. लहान मुलांना वडील करतात ते सगळं बरोबरच वाटतं. आता टेबलाशी उभ्या उभ्या मला कळलं की ते झीज पाडत होते. एक खोटा शिकारी तयार करत होते, रोज थोडा थोडा, आणि मी त्यांच्याबरोबर उड्या मारत होते.

दुरुस्ती लपवली, इथपर्यंत मी समजून घेतलं असतं. हात चांगला लागला, जोड दिसलाच नाही, होतं असं. पण झीज चुकून होत नाही. जी माणसं त्या रायफलीला कधी नव्हतीच त्यांचे दिवस तिच्यावर चढवायचे, याला माझ्या धंद्यात एकच शब्द आहे आणि तो मी दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल बिनदिक्कत वापरते. दंतवैद्यांच्या कागदात आमच्याच लिलावगृहाचा जुना दाखला होता, सासऱ्यांनी घेतली त्या वेळचा, साहेबांच्या सहीचा. मूळ अवस्थेत, हात न लागलेली. साहेबांसारख्या माणसाच्या नजरेतून ती सुटली होती. मी काही बोलले नाही तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. "खोटी निघाली तर सांगा हं स्पष्ट," दंतवैद्य म्हणाले. "आमच्याकडे पण तेच. बसवलेला दात कसा ओळखायचा माहितीये? शेजारच्यापेक्षा जरा चांगला असतो." त्यांना गंमत वाटली. मी म्हटलं, दोन दिवस ठेवून जा.

घरी गेले तर बाबा खिडकीशी बसले होते. मी चपला काढल्या, चहा टाकला, त्यांच्या कपात साखर घालून ढवळत राहिले, गरजेपेक्षा जास्तच. कसं विचारायचं याचा विचार मी वाटभर केला होता आणि घरात शिरल्यावर तो सगळा फुकट गेला. राग येत होता. असा राग कुणाचा येतो, की तो खरं बोलला तर आपलंच नुकसान होणार असतं? माझ्याकडे माझं असं फार थोडं आहे. लग्न टिकलं नाही, मूल नाही, स्वभाव हा असा. बाबा मला साळू म्हणतात, साळिंदरावरून. पण मी खोटं खपवून घेत नाही, हे माझं होतं, आणि ते मला या माणसाकडून मिळालं होतं. तेच पोकळ निघालं तर मी कशावर उभी राहणार होते? मी कप त्यांच्या हातात दिला, फोनवर काढून आणलेला फोटो समोर धरला आणि म्हटलं, "बाबा, हे तुमचं काम आहे."

त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मला वाटलं आठवणार नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मी तशी प्रार्थनाही करत होते. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत तो तसा बघितला नव्हता.

"कुणी ओळखलं?"

"मी."

"तू," ते म्हणाले, आणि चहा न पिताच खाली ठेवला. "कशावरून?"

"स्क्रूवरून. पण ते राहू दे. तुम्ही जोड लपवला. झीज पाडली. का?"

ते फोटोकडेच बघत होते. मीच त्यांना वाट काढून दिली. मी म्हटलं, "आईच्या आजारपणात केलंत ना? पैसे लागले असतील." असं असावं असं मला मनापासून वाटत होतं. आजारी बायकोसाठी माणूस एकदा घसरतो, ते मी गिळलं असतं, उद्या साहेबांनाही सांगितलं असतं.

"छे," बाबा म्हणाले. "तुझी आई तेव्हा ठणठणीत होती. मला शिव्या घालत होती. म्हणायची, लोक लोखंडाचा गंज काढतात, हे ध्यान गंज लावत बसलंय." ते हसले. "तो व्यापारी होता बघ, केस काळे करायचा तो. रायफल आणली ती गंजून खलास, दस्ता मोडलेला. म्हणाला, हिला कुणी माणसात आणू शकत नाही. मी म्हटलं ठेवून जा."

"एवढ्यासाठी?"

"जमतं का ते बघायचं होतं."

"आणि त्याने ती मूळ म्हणून विकली, ते माहीत होतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? गाजावाजा करून विकली."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"वाट बघत होतो," ते म्हणाले. "कुणीतरी येईल, म्हणेल हे तुमचं काम. कुणी आलंच नाही. मोठमोठे तज्ज्ञ बघून गेले म्हणे. तुझा साहेबसुद्धा."

मी त्या जिन्याखाली घालवलेल्या माणसाचा विषय काढला. माझा शेवटचा आधार तोच होता. म्हटलं, मग त्याला का हाकललंत, तो तरी वेगळं काय मागत होता? बाबांना तो आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "तो होय. अगं, त्याची बंदूकच भिकार होती. असल्या लोखंडावर कोण वर्ष घालवणार?" मी खुर्चीत बसले. ज्या प्रसंगावर मी नोकरी मिळवली, ज्याच्यावरून मी लोकांना तोंडावर खोटारडे म्हटलं, त्या प्रसंगाचा अर्थ एवढाच होता. मला हसू आलं आणि ते आलं याचा आणखी राग आला. आणि नवं ते नवं दिसू दे, ते काय होतं, असं मी विचारलं, आवाज चढवूनच विचारलं. ते म्हणाले, ते गिऱ्हाइकाच्या कामाला, ते बरोबरच आहे, तू तसंच वाग. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. त्यांनी मला परत विचारलं, किंमत किती लावलीस? मी सांगितलं, मूळ असती तर अमुक, आता चौथाई. त्यांचा चेहरा पडला. चौथाई? माझं वर्षाचं काम आणि किंमत कमी होते? मी म्हटलं, बाबा, हाच नियम आहे. ते म्हणाले, कुणी केला हा नियम, त्याला हातात कानस धरता येते का? आणि मग ते खिडकीकडे वळून बसले, फसवलं गेल्यासारखे. फसवणारा माणूस फसवला गेल्यासारखा बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"चूकही केलीत तुम्ही," मी म्हटलं. दुखवायचंच होतं मला. "झीज डाव्या हाताची आहे. मारणारा उजवा, वाहणारा डावा. त्याच्यावरून मला पटलं."

हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी कापणारा उजवा हात पुढे केला, मग डावा, हवेतच रायफल धरून बघितली, बोटं कुठे येतात, तळवा कुठे. बाबा डावखुरे नाहीत. कानस, हातोडी, घास, सही, सगळं उजव्या हाताने. ते स्वतःशीच पुटपुटत होते, असं कसं, डाव्यात का धरली मी, असं कसं केलं. मलाही ते तोवर सुचलं नव्हतं. मी इतकी चिडलेली होते की बाबांनी रायफल डाव्या हातात धरली होती एवढंच मी आठवलं, का धरली ते नाही. मग त्यांचा उजवा हात मांडीवर आला, बोटं जराशी वळली, काहीतरी लहानसं धरल्यासारखी, आणि ते म्हणाले, "हां. उजव्या हातात तू होतीस ना."

त्यांच्या आवाजात लाडबीड काही नव्हतं, चूक सापडल्याचं समाधान होतं फक्त, गणितात हातचा कुठे राहिला ते सापडावं तसं. त्यांनी चहा उचलला, तो निवला होता, तरी प्यायले. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. रडू आलं का, तर आलं. राग गेला का, तर नाही. दोन्ही एकदम चालू होतं आणि मला त्याची सवय नव्हती, मी एका वेळी एकच करणारी बाई आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. जोड, स्क्रू, झीज. ते रायफल घेऊन खिडकीशी गेले, बराच वेळ बघत राहिले आणि परत येऊन बसले तेव्हा जरा म्हातारे दिसत होते. "सुटलं माझ्या हातून," ते म्हणाले. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी सबब सांगितली नाही. पण मग म्हणाले, डाव्या हाताच्या झिजेवर दाखला उभा राहणार नाही, पुरावा काय? मी म्हटलं, मी. झीज पडत होती तेव्हा मी शेजारी चालत होते. काम माझ्या वडिलांचं आहे आणि त्यांनी कबूल केलंय. साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, असं कर, मागाहून जोडकाम आणि कृत्रिम झीज, कारागीर अज्ञात, असं लिही. किंमत खरी लागेल, गिऱ्हाइकाची फसवणूक नाही, आणि तुझ्या वडिलांच्या नावाला धक्का नाही. तुझ्याही नाही. या धंद्यात आडनाव एकदा नासलं की कुणी ऐकून घेत नाही. ते माझ्या भल्याचंच बोलत होते, थोडं स्वतःच्याही. मला ते पटलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी तसं लिहिलं, आणि घरी जाताना मला कालपासून पहिल्यांदाच भूक लागली होती.

जेवताना मी बाबांना सांगितलं. जरा उपकार केल्याच्या थाटातच सांगितलं असेन. काळजी करू नका, तुमचं नाव कुठे येत नाही, अज्ञात लिहिलंय. त्यांनी घास ताटात ठेवला.

"अज्ञात?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"अर्थ माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "तू ओळखलंस ना? मग अज्ञात कसा?"

मी समजावलं. म्हटलं, नाव घातलं तर लोक तुम्हाला लबाड म्हणतील, तुम्ही केलेल्या प्रत्येक बंदुकीकडे संशयाने बघतील. म्हणू देत, ते म्हणाले, बघू देत, नीट बघितल्या तरी जातील. मी म्हटलं, आणि माझं काय, मला तिथे रोज बसायचंय. ते ताटातला घास इकडून तिकडे सरकवत राहिले, आणि मग म्हणाले, ते खरंय, तुझं बघ तू, नको घालूस. एवढं बोलून ते उठले, भिंतीला हात टेकत टेकत बोळातून गेले आणि दिवा न लावता पडून राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. ते माझ्यासाठी गप्प बसले, हे मला सोसेना. मी पडल्या पडल्या हिशेब घालत होते, की ज्या माणसाने आयुष्यभर वाट बघितली, त्याच्याकडे कुणी आलंच तर ती मी होते, आणि येऊन मी काय केलं, तर त्याला पुसून टाकलं. तो लबाड होता. आधी नाही म्हणत होते मी, आता म्हणते, लबाडच होता, आणि हाताला तोड नव्हती, आणि माझा बाप होता. ही तीन वाक्यं एका दाखल्यात बसत नाहीत म्हणून मी तिन्ही खोडली होती.

सकाळी मी दाखला बदलला. साहेबांनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, विचार केलास का म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं, त्यांना सांगायचं ते झाल्यावर सांगायचं होतं. दुपारी दंतवैद्य आले, बसले, आकडा बघून त्यांनी ओठ बाहेर काढले. म्हणाले, सासऱ्यांनी दिलेली एक तरी गोष्ट किमतीची निघेल असं वाटलं होतं. मी जोड दाखवला, तो त्यांना दिसला नाही, भिंग दिलं तरी दिसला नाही. झीज दाखवली, ती त्यांनी हाताने धरून बघितली आणि मान हलवली, दाताच्या माणसाला असलं काम कळतं. मग ते दाखला खालपर्यंत वाचू लागले, बोट ओळीखाली सरकवत, जोडकाम, झीज, कारागीर, आणि तिथे त्यांचं बोट थांबलं. बाबांचं नाव मी पूर्ण घातलं होतं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. "आडनाव तुमचंच दिसतंय."

"माझे वडील," मी म्हटलं, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर करून बघितलं.